परदेशातून घरी आल्यावर पैशांचा ताळा कसा लावावा

बेस्टमध्ये मी ३१ वर्षं कंडक्टर होतो. शेवटच्या स्टॉपला गाडी लागली म्हणून ड्युटी संपली, असं आमच्यात नसतं. वडाळा डेपोत यायचं, वेबिलावर प्रत्येक दराच्या तिकिटांचे शेवटचे नंबर लिहायचे, किती तिकिटं गेली ते काढायचं, चामड्याच्या पिशवीतली रोकड मोजायची. दोन्ही आकडे जुळले आणि कॅश भरली, की मग घर.

२०२५ मध्ये २० मे ते ८ नोव्हेंबर आम्ही दोघं बाहेर होतो. पावणेसहा महिने लेकीकडे लंडनला, त्यातच एक आठवडा एडिंबरा, आणि येताना तीन दिवस दुबईला भाच्याकडे. नायगावच्या घरात बॅगा ठेवल्या तेव्हा आमच्याकडे ३४० पाउंड साध्या नोटांत, ६० पाउंड स्कॉटलंडच्या नोटांत, १८५ दिरहम, फॉरेक्स कार्डावर (बँकेत आधीच पाउंड भरून घेतलेल्या कार्डावर) थोडी शिल्लक आणि एक मोजा भरून नाणी होती. ओळखीतल्या पुष्कळ घरांत असे पैसे देवघराच्या खणात नाहीतर कपाटातल्या साडीखाली वर्षानुवर्षं पडून असतात. आईवडिलांनी आयुष्यभर साठवलेल्या पैशांतून प्रवास झालेला असतो, म्हणून मला त्याचं वाईट वाटतं. आम्ही आमचा बहुतेक ताळा महिन्याभरात लावला. तो कसा, ते सांगतो.

सुरुवात तिकडेच, निघायच्या आठ दिवस आधी

ताळ्याचं निम्मं काम परदेशात असतानाच करायचं असतं, आणि त्यातलं पहिलं काम नाण्यांचं. आपल्याकडे परकीय नाणी कितीही बाळगायला कायद्याने मुभा आहे, पण मुंबईत ती बदलून कोणी देत नाही. मनी चेंजर फक्त नोटा घेतो. म्हणजे विमानात बसलेलं नाणं खर्चाच्या खात्यातच धरा.

लंडनमध्ये मोठ्या किराणा दुकानांत गिऱ्हाइकाने स्वतःच बिल करायची यंत्रं असतात, आणि त्यांतली काही नाणी घेतात. शेवटच्या आठवड्यात मी दूध, पाव, केळी आणायला मुद्दाम तिथे जायचो. आधी खिशातली सगळी नाणी यंत्रात टाकायची, उरलेली रक्कम कार्डावर. सकाळी आठला गेलं तर मागे रांग नसते आणि कोणी खोळंबत नाही. नाणी ओळखायला दोन दिवस पुरतात. एक पाउंडाचं नाणं बारा कोनी आहे, वीस आणि पन्नास पेन्सची सात कोनी. माझ्या बोटांना चिल्लर न बघता ओळखायची सवय, त्यामुळे मला ते सोपं गेलं, पण हिनेही चार दिवसांत शिकून घेतलं. एक मात्र पाहा. एक पाउंडाचं जुनं गोल नाणं १५ ऑक्टोबर २०१७ पासून चलनात नाही. कोणी आधीच्या प्रवासातली नाणी तुमच्याबरोबर खर्चायला दिली असतील, तर ती वेगळी काढा. तरीही शेवटी मूठभर नाणी उरलीच, तर काही विमान कंपन्या युनिसेफसाठी सुटे पैसे गोळा करतात. १९८७ पासून तो उपक्रम चालू आहे. पाकीट समोर आलं तर त्यात टाका.

दुसरं काम स्कॉटलंडच्या नोटांचं. ज्यांची मुलं ब्रिटनमध्ये आहेत त्यांनी हे नीट वाचावं. स्कॉटलंडमध्ये तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात. पाउंड तोच, किंमतही तीच, पण नोट निराळी. एडिंबराला एटीएममधून पैसे काढले की बहुधा याच नोटा हातात येतात. तिथे त्या सर्रास चालतात, लंडनमध्येही बरेच दुकानदार घेतात, मुंबईत मात्र बदलायला गेलात की समोरचा मान हलवतो. आमच्या तीन वीस-वीसच्या नोटा हिच्या पर्समधल्या आतल्या कप्प्यात राहून गेल्या आणि मुंबईत आल्यावर सापडल्या. एडिंबराहून निघायच्या आदल्या रात्री सगळ्या पर्स, पाकिटं आणि कोटांचे खिसे पलंगावर रिकामे करा. स्कॉटिश नोट दिसली की लंडनला पोचल्यावर पहिल्या खरेदीत तीच पुढे करा.

तिसरं, बस-रेल्वेचं ऑयस्टर कार्ड. त्यातली दहा पाउंडांपर्यंतची शिल्लक भूमिगत रेल्वेच्या स्टेशनावरच्या तिकीट यंत्रातून परत मिळते. त्या शिल्लकेला मुदत नाही. पुन्हा जाणार असाल तर कार्ड लेकीच्या घरी ठेवून या. आम्ही तेच केलं.

आता आमच्याकडे एवढ्या नोटा उरल्या कशा, तेही सांगायला हवं. जाताना आम्ही ७०० पाउंड रोख घेतले, कारण चाळीतल्या सगळ्यांचं म्हणणं पडलं की हातात पैसा हवा. पण लंडनच्या बसमध्ये ६ जुलै २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत. चढताना पिवळ्या यंत्राला कार्ड टेकवायचं, २०२५ मध्ये आम्ही होतो तेव्हा १ पाउंड ७५ पेन्स कापले जायचे, आणि तासाभरात दुसरी बस घेतली तर तिचे पैसे लागत नाहीत. आम्ही निघालो त्याच महिन्यात, ९ मेपासून, आपल्या बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं होतं, आणि सुट्ट्यांवरून होणारी वादावादी माझ्या डोळ्यांसमोर होती. तिकडे दिवसचे दिवस नोटेला हात लावायची वेळ येत नसे. पुढच्या खेपेला मी माणशी शंभर पाउंडांच्या वर रोख नेणार नाही.

विमानतळावर

इथे दोनच गोष्टी. तुमच्याजवळ ५,००० डॉलरच्या वर परकीय नोटा असतील, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरच्या वर जात असेल, तर कस्टम्सला फॉर्म भरून सांगावं लागतं. तुमच्याआमच्यासारख्यांची रक्कम त्याच्या जवळपासही जात नाही.

दुसरी गोष्ट घरी जायच्या भाड्याची. बाहेर जाताना आणि परत येताना माणशी २५,००० रुपयांपर्यंत भारतीय नोटा जवळ ठेवता येतात. मी ३,००० रुपये जाताना जे पाकिटात ठेवले ते पावणेसहा महिने तसेच होते, घराच्या किल्ल्यांबरोबर. म्हणून मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवर उतरल्यावर पैसे बदलायची गरज पडली नाही. प्रीपेड टॅक्सी केली आणि नायगावला आलो. तिथल्या एका काउंटरवर मी दर तेवढा विचारला. पाउंडाला १०८ रुपये म्हणाले. तो कागदावर लिहून घेतला. त्याचा उपयोग पुढे येतो.

पहिल्या दिवशी पैसे मोजू नका, फोन तपासा

आमची खरी अडचण इथे झाली. माझा नंबर मी वर्षाच्या रिचार्जवर ठेवला होता आणि अधूनमधून लंडनहून एखादा मेसेज पाठवत होतो. हिच्या फोनमध्ये तिकडचं सिम घातलं आणि इकडचं सिम काढून डबीत ठेवलं. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसले, तर कंपनी नंबर बंद करू शकते. २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस चालू ठेवतात. हिचा नंबर बंद झालेला होता. आमचं जोडखातं आणि फॉरेक्स कार्ड दोन्ही त्याच नंबरावर. ओटीपी येईना, त्यामुळे कार्डाचा हिशेब दिसेना आणि शिल्लक परत मागता येईना. बँकेच्या शाखेत पासबुक आणि आधार घेऊन दोन खेपा झाल्या आणि नवीन नंबर चढायला नऊ दिवस लागले.

बंद झालेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्या कोणाला दिला जातो. मग तुमच्या खात्याचे मेसेज त्या परक्या माणसाच्या फोनवर. म्हणून घरी आल्यावर हातपाय धुऊन, चहा घेऊन, दोघांच्याही फोनवरून बँकेच्या अ‍ॅपमध्ये जा आणि ओटीपी येतो का बघा. येत नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी बँक, बाकीचं सगळं नंतर.

त्याच बैठकीत कार्डांचा परदेशातला वापर बंद करा. १ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक बँकेला ही सोय द्यावी लागते. अ‍ॅपमध्ये बटण असतं, अर्ध्या मिनिटाचं काम. पण फॉरेक्स कार्ड इतक्यात बंद करू नका, त्याचं कारण पुढे आहे.

पेन्शनधारकांसाठी एक सांगतो. ही शाळेतून निवृत्त झाली आहे आणि हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. परतीचं तिकीट काढताना आम्ही ती तारीख धरली होती. तुम्हीही धरा.

नोटा किती ठेवायच्या, कुठे विकायच्या

नियम असा. परत आल्यावर माणशी २,००० डॉलरच्या किमतीपर्यंत परकीय नोटा स्वतःजवळ ठेवता येतात. त्यावरचं जे असेल ते १८० दिवसांत अधिकृत ठिकाणी परत द्यावं लागतं. आम्ही ८ नोव्हेंबरला आलो, म्हणजे ७ मे २०२६ ही शेवटची तारीख. आमची रक्कम मर्यादेच्या आतच होती, तरीही मी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली. जास्त रक्कम आणलेल्यांनी तर लिहावीच.

आता, ठेवता येतात म्हणून ठेवाव्यात का? लेकीकडे पुन्हा जायला किमान दीड-दोन वर्षं आहेत. तोवर नोट व्याज देत नाही. शिवाय नोटा बदलतात. ब्रिटनच्या २० आणि ५० पाउंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेल्या, आता प्लॅस्टिकच्या आहेत. बँक ऑफ इंग्लंड जुनी नोट कधीही बदलून देते, पण नायगावात बसून तो खटाटोप कोण करणार? राणीचं चित्र असलेल्या प्लॅस्टिकच्या नोटा मात्र चालू आहेत. राजाच्या चित्राच्या नोटा ५ जून २०२४ ला आल्या आणि दोन्ही बरोबरीने चालतात. हे सांगतो, कारण आमच्या मजल्यावरच्या काकू राणीच्या नोटा रद्द झाल्या समजून बसल्या होत्या. आम्ही ४० पाउंड पुढच्या खेपेसाठी ठेवायचं म्हटलं होतं, पण विचार करून तेही विकले.

विकताना तीन-चार ठिकाणी फोन करा. दादर, पार्ले, फोर्ट या भागांत रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेले मनी चेंजर पुष्कळ आहेत. फलकावर दोन दर असतात, एक खरेदीचा आणि एक विक्रीचा. ते दुकानाच्या बाजूने लिहिलेले असतात. दुकान तुमच्याकडून पाउंड खरेदी करणार, म्हणून तुमच्यासाठी ‘खरेदी’चा दर, आणि तोच कमी असतो. फोनवर असं विचारा: “माझ्याकडे ३४० पाउंड आहेत, सगळं कापून माझ्या हातात किती रुपये येतील?” नुसता दर विचारला तर वरचा खर्च नंतर निघतो.

आम्हाला दादरला ११५ रुपये ५० पैसे मिळाले. विमानतळावरच्या १०८ शी तुलना करा. पाउंडामागे साडेसात रुपये, ३४० पाउंडांवर २,५५० रुपये. त्यासाठी मला फक्त दोन दिवस थांबावं लागलं आणि नायगावहून दादरला चालत जावं लागलं.

जीएसटी किती तेही कळू द्या. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का हे सेवेचं मूल्य धरतात, आणि ते किमान २५० रुपये. त्यावर १८ टक्के. ३४० पाउंडांचे ३९,२७० रुपये झाले, त्याचा एक टक्का ३९२ रुपये ७० पैसे, त्यावर कर ७० रुपये ६९ पैसे. रक्कम २५,००० च्या आत असेल तर कर ४५ रुपयेच. म्हणजे १०० पाउंड आज, १०० पुढच्या महिन्यात, असं तुकड्यातुकड्यांनी गेलात तर दर वेळी ४५ रुपये जाणार. एकदाच जा. पासपोर्ट आणि पॅन बरोबर न्या, पैसे खात्यात घ्या, पावती घेतल्याशिवाय खुर्ची सोडू नका. दिरहम कुठेही अडले नाहीत, मुंबईत त्यांना गिऱ्हाईक कायम असतं.

ओळखीच्या माणसाला पाउंड देऊन त्याच्याकडून रुपये घेणं टाळा, दर कितीही चांगला असो. परकीय चलनाची खरेदी-विक्री अधिकृत परवानाधारकाशीच करायची असते. “आपलाच माणूस आहे” हे कारण तिथे चालत नाही.

कार्डावरची शिल्लक: घाई नको, विसरही नको

आमच्या कार्डावर २१२ पाउंड असायला हवे होते. माझ्या वहीत तसं होतं. अ‍ॅप चालू झाल्यावर पाहिलं तर १६२. पन्नास पाउंड कुठे गेले, म्हणून मी वहीचं पान न् पान तपासलं. एडिंबराच्या हॉटेलने खोली देताना ५० पाउंड अनामत म्हणून अडकवले होते. असे अडकलेले पैसे हॉटेलाने सोडल्यावरही कार्डावर मोकळे व्हायला वेळ लागू शकतो. मी हॉटेलला ईमेल लिहिला, बँकेला बिलाची प्रत दिली, आणि घरी आल्यापासून अकराव्या दिवशी रक्कम मोकळी झाली. म्हणूनच म्हटलं की फॉरेक्स कार्ड लगेच बंद करू नका. हॉटेलचं, भाड्याच्या गाडीचं काही अडकलेलं आहे का ते आधी बघा, मग शिल्लक परत मागा. बँक तिच्या त्या दिवशीच्या खरेदीच्या दराने रुपये खात्यात जमा करते.

शिल्लक कार्डावर ठेवायची असेल तर शुल्कांचा तक्ता मागून घ्या. बरेच महिने न वापरलेल्या कार्डावर काही बँका पैसे कापतात. आमच्या कार्डावर तसा नियम होता, म्हणून पूर्ण शिल्लक काढून घेतली.

क्रेडिट कार्ड वापरलं असेल तर बिल आल्यावर एकेक ओळ वहीशी लावा. साधारण साडेतीन टक्के जादा आणि त्या जादावर १८ टक्के जीएसटी, असं बऱ्याच कार्डांवर लागतं. १०,००० रुपयांच्या खरेदीवर ते ४१३ रुपये होतात. शिवाय तिकडच्या दुकानातलं यंत्र कधीकधी विचारतं, पाउंडात की रुपयांत? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून आपण तेच दाबतो, आणि दुकानाच्या बाजूने लावलेला वाईट दर पडतो. कायम पाउंडच. तुम्ही न केलेला खर्च बिलात दिसला तर थांबू नका. कार्डाची माहिती बाहेरच्या कोणी चोरून वापरली असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर ते नुकसान तुमच्या माथी येत नाही.

टीसीएसची, म्हणजे पैसे घेतानाच आगाऊ कापल्या जाणाऱ्या आयकराची, भीती बऱ्याच जणांना असते. परदेशासाठी घेतलेल्या पैशांवर तो एका आर्थिक वर्षात माणशी १० लाख रुपयांच्या वर गेल्यावर कापला जातो. कापला गेलाच असेल तर कागद जपून ठेवा, आयकर विवरणपत्र भरताना तो वळता करून घेता येतो.

माणसांचा हिशेब

हा कुठल्या अ‍ॅपमध्ये नसतो, आणि सगळ्यात जास्त मन दुखतं ते यातच.

जाताना शेजारीपाजारी, नातेवाईक काही ना काही आणायला सांगतात. व्हिटॅमिनच्या गोळ्या, अत्तर, कोणाच्या नातवाचे बूट. आम्ही एक पद्धत ठेवली. सांगतानाच म्हणायचं, दुकानाचं बिल दाखवू, आणि आम्ही पाउंड ज्या दराने विकत घेतला त्या दराने रुपये घेऊ. आमचा दर ११६ रुपये ४० पैसे होता. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या गोळ्या साडेआठ पाउंडांच्या, म्हणजे ९८९ रुपये ४० पैसे. बिलामागे पेन्सिलीने हा गुणाकार लिहून वस्तूबरोबर दिला आणि त्यांनी लगेच ९९० रुपये पाठवले. आधी बोलणं झालं असेल तर देणाऱ्याला संकोच नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. ज्यांच्यासाठी आपण मनाने भेट आणली, त्यांच्या पिशवीतून बिल आणि किमतीचं लेबल दोन्ही काढा, म्हणजे कोणी पैसे विचारणार नाही.

लेकीचं देणं अवघड. तिने एडिंबराची रेल्वे तिकिटं काढली, आजारपणात औषधं आणली, आम्हाला पैसे काढू दिले नाहीत. मी वहीत सगळं लिहीत होतो, ते तिने एकदा पाहिलं. “बाबा, माझ्या शाळेच्या फीचा हिशेब तुम्ही कधी लिहिला होतात का?” असं म्हणून ती आत निघून गेली. त्यानंतर मी तिचं पान बंद केलं. पण जावयांनी विमानाच्या तिकिटांत आमच्या जादा सामानाचे भरलेले ६५ पाउंड मात्र मी चुकते केले, निघायच्या आदल्या दिवशी, नोटांत, तिथेच. जे चुकतं करायचं ते त्याच देशात, त्याच चलनात करून या.

राहिल्या त्या तीन स्कॉटिश नोटा. डिसेंबरात जावई आठ दिवसांसाठी मुंबईला आले, त्यांच्याबरोबर पाकिटातून परत पाठवल्या. नातीला पुस्तकं घ्या म्हणून चिठ्ठी घातली. जानेवारीत पुस्तकांचा फोटो आला, त्या दिवशी वहीत ६० पाउंडांपुढे बरोबरची खूण केली. दिरहमांची पावती, पाउंडांची पावती आणि कार्डाचं शेवटचं विवरण एका लिफाफ्यात घालून पासपोर्टांच्या पिशवीत ठेवलं आहे.